रुमालाखालची गाडी

समुद्र मी पहिल्यांदा बैलांच्या गोठ्यात पाहिला. डाव्या हाताला निळाशार पसरलेला, उजवीकडे डोंगर, मधून काळा रस्ता आणि रस्त्यावर एक लाल गाडी, जिचं स्टिअरिंग माझ्या हातात होतं. पाठीमागे ढवळ्या नावाचा बैल रवंथ करत उभा असायचा. त्याचा गरम श्वास मानेवर यायचा आणि समोर वळण यायचं. शहाद्यापलीकडचं जग मी तोवर पाहिलेलंच नव्हतं. पुढे कॉलेजच्या सहलीत खरा समुद्र दिसला तेव्हा मैत्रिणी नाचायला लागल्या आणि मी मात्र विचारत होते, याला शेणाचा वास कसा नाही?

गेल्या महिन्यात, पोळा होऊन चारच दिवस झाले असताना, मी माझ्या गावी, कळसाडीला गेले ती भांडायला. पिशवीत पत्रकं होती, शाई अजून बोटांना लागणारी. मथळा होता 'गाडी गावाची!' आणि खाली मागण्या. मी शहाद्यात राहते आणि पत्रकं काढते. एस.टी.च्या बंद फेऱ्या, कापसाचा काटा, शाळेतल्या मुलींचं संडास, ज्यावर सगळे चूप बसतात त्यावर मी एक पान छापते. मला गोड बोलता येत नाही आणि शिकायचंही नाही. तर आईचा फोन आला होता, की उखर्डू आबा मुलाकडे सुरतेला राहायला चालले, गोठा पाडणार आणि त्यातलं रेसचं मशीन घ्यायला पुण्याहून कोणी माणूस येतोय. जुने व्हिडिओ गेम जमवणारा. अशा मशिनांना म्हणे आता मोठमोठे भाव येतात.

माझं डोकंच फिरलं. गावात मुलींची अभ्यासिका आम्ही वर्षभर भांडून मिळवली होती. ग्रामपंचायतीची एक पडीक खोली, चार टेबलं, दोन ट्यूबलाइट. मुलांना मैदान आहे, पार आहे, चौक आहे. मुलींनी पुस्तक मिटलं की काय करायचं? घरी जाऊन भाकरी थापायच्या? मला ती गाडी त्या खोलीत हवी होती. दुसरं काही नको होतं.

गोठ्याचं दार ढकललं आणि माझा सगळा त्वेष नाकातच अडकला. सरकीच्या पेंडीचा वास. बैल जाऊन इतकी वर्षं झाली तरी भिंतींनी तो धरून ठेवलेला. आबांनी मशीनवरचं गोणपाट काढून ठेवलं होतं. आता गाडी बरीच लहान दिसत होती. आधी कशी, मंडपातल्या मूर्तीएवढी वाटायची! खाली पसरट खुर्ची, समोर काचेचा जाडजूड पडदा, कपाळावरची नावाची काच फुटलेली. तिचं खरं नाव काय होतं कोण जाणे, आम्ही तिला गाडीच म्हणायचो.

"उनी का पुढारीण?" आबा खाटेवरून म्हणाले. "बठ. पत्रक नंतर वाचजो."

मी खाटेवर बसले नाही. मी गाडीच्या खुर्चीत बसले.

आणि झालं. हाताला ते स्टिअरिंग लागलं आणि मी भांडण विसरले, हे खरंच सांगते. उजव्या बाजूला एक खाच आहे, अंगठ्याला बरोबर सापडते. किती अंगठ्यांनी ती पाडली असेल?

आमच्याकडे एका रेसला नाणं लागायचं नाही. नाण्याची फट कोणीतरी पहिल्याच वर्षी बाटलीचं झाकण कोंबून बंद पाडली होती. मग आबांनी मशीनच्या मागून एक सुतळी काढली, आतल्या कुठल्या तरी पट्टीला बांधलेली. सुतळी ओढली की आत 'टिंग' व्हायचं आणि पडद्यावर गाडी उभी राहायची. सुतळी फक्त आबांच्या हातात. आणि आबा ती कधी ओढायचे? गव्हाणीत चाऱ्याची पेंढी पडली की. एक पेंढी, एक रेस. पेंढी आबा हातावर तोलून बघायचे, मधे वाळकं घातलं असेल तर परत पाठवायचे. बैलांचा दलाल माणूस, त्याला कोण फसवणार?

आता मला सांगा, चारा कोण कापायचं? आम्ही पोरी. शाळा सुटली की विळा आणि फडकं घेऊन बांधावर जाणं हे आमचं रोजचं काम होतं. पोरांकडे खिशात नाणी होती आणि नाणं चालत नव्हतं! या एका गोष्टीवर मी आजही खूश आहे. सगळ्या तालुक्यात कदाचित हा एकच खेळ असेल जिथे पोरं दाराशी उभी राहून बघायची आणि पोरी खेळायच्या. एखादा शहाणा बहिणीची पेंढी उचलून आणायचा, तेव्हा आबा त्याचे तळहात बघायचे. विळ्याचा घट्टा नाही? मग जा.

त्या वर्षांचे ऋतू मला कॅलेंडरवरून आठवतच नाहीत, पेंढीवरून आठवतात. पावसाळ्यात बांधावरचं लुसलुशीत गवत, हात हिरवे, चिकट, आणि स्टिअरिंगवर आमच्याच हिरव्या बोटांचे ठसे. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडांनी बोटं ओरबाडलेली असायची, वळण घेताना नखाच्या मुळाशी झोंबायचं. मग ऊसतोड सुरू झाली की उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याकडची पानं. वाढ्याची पात तळहात चिरत जाते, वरून घाम, आणि तसल्या हातांनी आम्ही बोगद्यातून गाडी काढायचो. गुऱ्हाळाचा धूर गोठ्यात उतरायचा. गरम गुळाचा वास, शेण, मशीनच्या आतल्या तापलेल्या धुळीचा वास, हे सगळं मिळून एक वास होता. तो कुठल्या बाटलीत मिळत असेल तर मी आत्ता घेते.

उन्हाळ्यात चाराच नसायचा. बांध करपलेले. तेव्हा आम्ही आपापल्या घरच्या गंजीतून कडबा चोरायचो. मी आईच्या हाती सापडले होते. तिनं विचारलं, कुणाच्या बैलांना घालतेस? मी म्हटलं, समुद्रावर जायचंय. तिनं कडब्याच्याच काडीनं फोडून काढलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आली. खुर्चीत नाही बसली. उभ्यानं स्टिअरिंग धरलं, एका झाडावर गाडी घातली, पदर तोंडाला लावून हसत निघून गेली. आईला असं हसताना मी परत फार पाहिलं नाही.

लाइटचं वेळापत्रक वेगळंच. रेसच्या ऐन मध्यावर लाइट जायची. समुद्र एका ठिपक्यात गोळा व्हायचा आणि विझायचा. आम्ही बोंब मारायचो, आबा, पेंढी परत! आबा गव्हाणीकडे बोट दाखवायचे. ढवळ्यानं ती कधीच संपवलेली असायची. मग आम्ही तिथेच अंधारात बसून तोंडानं गाडी चालवायचो. एकीनं इंजिन करायचं, एकीनं टायर. ते आवाज माझ्या ओठांना अजून येतात. मोर्च्यात घोषणा देण्याआधी मी कधी कधी हळूच घशातल्या घशात इंजिन चालू करून घेते, आवाज मोकळा होतो.

गाडी गावात आली सारंगखेड्याच्या यात्रेतून. आबा एक अबलख घोडी विकायला घेऊन गेले होते. परत आले ते टेम्पोत हे खोकं घालून. सौदा कसा झाला, घोडीच्या बदल्यात हे कसं आलं, कोणालाही कळलं नाही, कारण सौदा रुमालाखाली झाला होता. जुने दलाल भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा मोठा रुमाल दोघांच्या हातांवर पसरतात आणि आत बोटं धरून, दाबून आकडे सांगतात. बाहेर माणसं गोल करून उभी असतात, त्यांना फक्त दोन कोरे चेहरे दिसतात. गावानं आपापले तर्क लढवले. यात्रेतल्या तंबूवाल्यानं आबांना गंडवलं, नाही, आबांनीच त्याला गंडवलं. आबांची बायको, जिजी, महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "घोडी लई ग्यात नि खोकं लई उनात," घोडी घेऊन गेले नि खोकं घेऊन आले. तीच जिजी पुढे गाडीचा पडदा पदरानं पुसायची.

आणि पोळा! पोळा सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येणार नाही. एका वर्षी ढवळ्या गेला, त्याच्या मागोमाग जोडीदार पवळ्याही गेला, आणि आबांच्या दावणीला पहिल्यांदा काहीच उरलं नाही. त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, जेव्हा घरोघरी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात, आबा गोठ्यात गेले आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना हळद-तूप चोळत बसले. कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी जिजीनं गेरूत हात बुडवून तिच्या अंगावर पंजे उठवले. आम्ही पोरींनी स्टिअरिंगच्या कडेला लाल ऑइलपेंट लावला, शिंगांना लावतात तसा. बेगड चिकटवली. घुंगरांची माळ कपाळावरच्या फुटक्या काचेवरून सोडली. पुरणपोळीचा घास पडद्यासमोर ठेवला. वाजंत्री गल्लीतून जात होती, बैल झुलीत डुलत होते, आणि गोठ्यात आमची गाडी सजून बसली होती, आतून घर्र-घर्र करत. त्यानंतर दर पोळ्याला तिच्यावर एक नवा पंजा आला. जिजी गेल्यावर आबा स्वतः उठवायला लागले. या वर्षीचा गेरू इतका ताजा होता की माझ्या पंजाबीला लागला.

तो पुण्याचा माणूस दुपारी आला. अनिकेत नाव, माझ्याच वयाचा, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. मी दारातच पत्रक त्याच्या हातात दिलं. त्यानं ते नीट घडी करून खिशात ठेवलं, वाचलं नाही, आणि सरळ गाडीपाशी जाऊन गुडघ्यावर बसला. मग मात्र मला त्याच्याकडे बघत राहावंसं वाटलं, हे कबूल करते. त्यानं पाठीमागचं झाकण काढलं, विजेरी मारली, आत मान घातली आणि आतून "अरे वा, अरे वा" असे आवाज यायला लागले. म्हणाला, बोर्ड पहिलाच आहे, कोणी बदललेला नाही. पिक्चर ट्यूब जिवंत आहे. अशी आपल्याकडे बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. मुंबईतली भंगारात गेली, सुरतेतली पुरात गेली. परदेशात लोक यासाठी वेडे झालेत. बोलता बोलता त्याच्या कानांना लाली आली होती. हा माणूस लबाड नव्हता. मला तो लबाड असता तर बरं झालं असतं.

आबा माझ्याकडे झुकले. "दात दखी ऱ्हायना. जाणकार शे पोऱ्या."

आणि खरंच, आबा बैल बघायचे तस्साच तो बघत होता. कोपरे चाचपले, खाली पत्र्याच्या पट्टीवरचा नंबर टिपून घेतला, खुर्चीची शिवण तपासली, पडद्यावर डाग शोधला. आणि दलाल करतो तशीच त्यानं खोड्या काढायला सुरुवात केली. खुर्चीचं कापड ट्रॅक्टरच्या सीटचं आहे. नाण्याची फट गेली. ही सुतळी काय आहे? शेवटी चालवून बघायला बसला. लाइट लागली, आबांनी सुतळी ओढली, पडदा लुकलुकला, आणि तो समुद्र! आम्ही दाराशी जमलेल्या दहा-बारा बायका-पोरी एकदम ओरडलो. त्यानं उजवा पाय दाबला. गाडी जागची हलेना. बाकीच्या गाड्या धडाधड निघून गेल्या, हा आपला दाबतोय.

"भो, डावा पाय," आबा म्हणाले.

शहाद्याच्या ट्रॅक्टर मिस्त्रीनं कधीकाळी दुरुस्ती करताना ब्रेक आणि अॅक्सिलरेटर उलटे बसवले होते. आम्हाला वाटायचं, गाड्या अशाच असतात. आमच्यातली एक पुढे स्कूटी शिकताना कशी पडली ते सांगायला लागली आणि सगळ्या हसून लोटपोट. अनिकेतनं वहीत लिहिलं. मग उभं राहून बाजूच्या पत्र्यावरून मोज्याचं बोट फिरवलं, जिजीच्या पंजांवरून.

म्हणाला, "याखालचं मूळ चित्र शाबूत असतं तर किंमत दुप्पट झाली असती. हा रंग काढता येईल म्हणा. सॉल्व्हंट लावलं की सगळं निघेल."

झालं. मी पेटले. मी म्हटलं, दादा, काय काढणार तुम्ही? तुमच्या गोदामात ही गाडी काचेआड उभी राहणार, अशी, जणू कारखान्यातून काल आली. मग मधली वीस वर्षं कुठे जाणार? ती तुम्ही फडक्यानं पुसून टाकणार आणि त्याला जतन म्हणणार? वापरलेल्या वस्तूला तुमच्यात दर कमी आणि खोक्यात पडून राहिलेलीला जास्त, हा कुठला हिशेब? कोणी खेळलंच नाही त्या खेळाची किंमत असतेच कशी? मी बराच वेळ बोलले. माझी सवय आहे.

तो शांतपणे म्हणाला, "ताई, इथे दोन पावसाळ्यांत बोर्ड गंजेल. उंदीर वायरी खातील. व्होल्टेज तुम्ही बघताच आहात. मी नेली तर ती अजून पन्नास वर्षं चालेल."

 पत्रकात उंदीर आणि पावसाळे नसतात. मी आबांकडे वळले आणि म्हटलं, आबा, त्यांचा भाव काय, आमचं काय, जे असेल ते चारचौघांत बोला. गावासमोर होऊ द्या.

आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि झटकला.

मला राग आला. कापसाच्या भावावर मी तीन पत्रकं काढली आहेत. भाव फळ्यावर लिहा, उघड बोला, ही माझी घोषणा आहे, ती आबांनी वाचलेली आहे. आणि माझ्यासमोर हा रुमाल? पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. अनिकेतला समोर बसवलं, मोजा काढायला लावला आणि उघड्या हातावर एकदा शिकवलं. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच. एक म्हणजे शंभर, हजार की लाख, ते दोघांनी डोळ्यांनी ठरवायचं. तो हसत होता, गंमत वाटत होती त्याला. मग रुमाल पडला आणि हसू गेलं.

 फक्त गाडीचं इंजिन रिकामं घर्रघर्रत होतं. रुमालाखाली काहीतरी हललं. आबांचा चेहरा भिंतीसारखा. अनिकेतच्या कपाळावर घाम. त्यानं एकदा हात बाहेर काढला, पँटला पुसला, परत घातला.  माझ्या आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. शेवटी आबांनी मान हलवली, ना हो, ना नाही, नुसती हलवली, आणि रुमाल तसाच धरून माझ्याकडे पाहिलं.

"आते तू घाल हात."

मी म्हटलं, मी अशी लपूनछपून बोली लावत नाही. माझं तत्त्व आहे. माझ्याकडे जे आहे ते मी मोठ्यानं सांगेन.

"पोर," आबा हळू म्हणाले, "उघडा भावमा ज्यानाकडे कमी शे त्यानी मान खाले जास. रुमालखाले कोनी कोनले हसस नही."



मी बसले. हात आत घातला. आत उबदार होतं, तंबाखू आणि घामाचा वास होता. आबांचा तळहात खरबरीत, त्यावर दोरांचे जुने घट्टे. आधी त्यांनी मला पुण्याचा भाव सांगितला. एकेक बोट, मग पंजा, मग परत बोट. डोळ्यांनी मोठा आकडा असल्याची खूण.  एवढ्या पैशांत आबांचं सुरतेतलं म्हातारपण सुखात गेलं असतं. खोटं कशाला सांगू, 'आबा, द्या त्यांना' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. ते बरोबरच झालं असतं. मग त्यांचा हात उघडा होऊन थांबला. वाट बघत राहिला, घाई न करता.

मी माझा भाव सांगितला. काय सांगितला ते लिहिणार नाही. माझ्याकडे जे होतं, तेच. मी वर पाहिलं. आबांचा चेहरा तसाच होता. अनिकेतच्या मोठ्या आकड्याला जसा होता अगदी तसाच, तसूभर कमी नाही. मग त्यांच्या बोटांनी माझाच आकडा मला परत दाबून सांगितला.

"सौदा झाया," आबा म्हणाले आणि रुमाल ओढून घेतला. "गाडी गावमाच ऱ्हाई."

पोरींनी असा काही कल्ला केला की शेजारचं शेरडू दावं तोडून पळालं.  का दिली, आबा? हे मी तेव्हा विचारलं नाही. ते सुरतेला जाईपर्यंत मी त्यांना कितीदा तरी भेटले, तरी विचारलं नाही.

अनिकेत उठून आबांसमोर आला.  म्हणाला, तिनं किती सांगितलं एवढं सांगा, मी वाढवून देतो. आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तुन्हा भाव खरा व्हता भो, म्हणाले, आणि पुढे काही बोलले नाहीत. तो बाहेर गेला. त्याच्या कारचं दार वाजलं. मला वाटलं, गेला. तर हातात एक खोकं घेऊन परत आला. स्टॅबिलायझर. तुम्ही चूक करताय, असं तोंडानं बजावत त्यानं तो गाडीला जोडला, बोर्डाजवळ ठेवायला ओलावा शोषणाऱ्या पुड्या दिल्या, वायरींना जाळी कशी लावायची ते माझ्या आईला दाखवलं. गाडी ट्रॉलीत चढवताना आम्ही तिला आडवी करायला निघालो तर तो किंचाळलाच. आडवी नाही, सरळ उभीच न्यायची! मग स्वतः ट्रॉलीत चढला, पडद्याला दोन्ही हातांनी मिठी मारून उभा राहिला आणि कळसाडीच्या गल्लीतून ट्रॅक्टरवर आमची मिरवणूक निघाली. पुढे पोरी, मागे बायका, वर पुण्याचा पोरगा आणि गेरूचे लाल पंजे. कोणीतरी थाळी वाजवत होतं. मी घसा बसेपर्यंत ओरडले, कशासाठी ते नेमकं सांगता येणार नाही. घोषणा नव्हती ती.

त्यानंतर मी कापसावरचं चौथं पत्रक लिहायला बसले. 'भाव उघड करा' या ओळीशी हात थांबला. मग लिहिलीच ती ओळ, मोठ्या अक्षरात. जिथे व्यापारी आकडा लपवून शेतकऱ्याला लुटतो तिथे फळाच हवा, यावर मी मागे हटणार नाही. पण ती लिहिताना मला पहिल्यांदाच विचार करावा लागला.

आता मी शनिवारी अभ्यासिकेत जाते. पुस्तकं मिटली की खुर्चीसमोर ओळ लागते. लाइट टिकते. डावा पाय दाबायचा हे प्रत्येकीला सांगावं लागतं आणि जी ती पहिल्या वळणावर समुद्र बघत बसते, त्यामुळे सगळ्या एकाच झाडावर आपटतात. मागच्या शनिवारी नववीतली सोनल, जिचं तोंड कधी बंद नसतं, खुर्चीतूनच मान वळवून म्हणाली, ताई, सगळं गाव विचारतंय, खरं सांगा, कितीला घेतली? बाकीच्याही गोळा झाल्या. 

मी माझी ओढणी काढली. तिच्या आणि माझ्या हातावर पसरली. आत तिचा हात धरला, लहानसा, गरम, स्टिअरिंगच्या घामानं ओला, आणि बोटांनी सांगितलं.

तिचे डोळे हे एवढाले झाले.

"इतलंच?"

मी दुसऱ्या हातानं तिचं तोंड दाबलं. बाकीच्या ओरडायला लागल्या, काय, काय, किती? सोनलनं माझ्या हाताखालून एकदा माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मी हात काढला. जिचं तोंड कधी बंद नसतं ती पोरगी एक अक्षर बोलली नाही. स्टिअरिंग धरून ताठ बसली, डावा पाय दाबला आणि सुसाट निघाली.